परत आलेल्याचे घर



मागील डिसेंबरात नेवासे तालुक्यातील एका लहानशा मंडळीत आम्हास चार दिवस मुक्काम करण्याचा योग आला. त्या मंडळीतील एक मुलगी इंग्लंडातील लीड्स शहरी विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन तीन आठवड्यांपूर्वी परत आली होती. ती आली त्या दिवशी मंडळीची माणसे हार घेऊन दोन तास फाट्यावर उभी होती, असे आम्हास मोठ्या कौतुकाने सांगण्यात आले. पाळकसाहेबांनी त्या रविवारी उपकारस्तुतीची खास प्रार्थना केली. तिच्या आजोबांस लहानपणी गावच्या चावडीच्या पायरीवर बसण्याची मुभा नव्हती, आणि नात समुद्र ओलांडून पदवी घेऊन आली. तेव्हा हे कौतुक यथायोग्यच होते.

दुसऱ्या दिवशी सायंकाळी त्या मुलीची आई आमच्याकडे आली. बराच वेळ पदराचे टोक चाळवीत बसली व मग म्हणाली, "मास्तर, पोरगी आली, पोरगी आली, सगळं गाव म्हणतंय. पर माझी पोरगी काही आली न्हाई."

काय झाले म्हणून विचारले, तर वेगळे काढून सांगण्यासारखे फारसे काही नव्हते. पहिल्या आठवड्यात मुलगी रात्री जागी असे व सकाळी निजलेली असे. इंग्लंडचे घड्याळ हिवाळ्यात आपल्या मागे साडेपाच तास चालते. आपली चूल पहाटे पाचास पेटते तेव्हा तेथे मध्यरात्रही व्हावयाची असते, आणि शरीरास हा फेर उमगावयास दिवस लागतात. आईस हे कोण सांगणार? तीस एवढेच दिसले की, भाकरीची वेळ झाली तरी लेक अंथरुणात आहे. पुढे झोप ताळ्यावर आली, परंतु दुसरी शल्ये उरली. आईने पाण्याचा तांब्या पुढे केला की मुलगी 'थँक्यू' म्हणे. "घरच्या माणसाला कुणी थँक्यू म्हणतं व्हय? मी काय दुकानदार हाय?" असे ती माउली आम्हास विचारू लागली. मुलगी आपल्या खोलीचे दार लावून घेई. जेवताना ती म्हणे, "आई, तूही बस, आपण बरोबर जेवू." ही गोष्ट तर प्रेमाचीच, परंतु जन्मभर सर्वांस वाढून मग जेवलेल्या बाईस त्यात आपल्या वाढण्यास नाव ठेवल्यासारखे वाटले. माया जरी तीच असली तरी तिची बोली बदलली म्हणजे घरच्यांस ती अपमानासारखी लागते, ही नवलाची गोष्ट होय.

सर्वांत मोठे दुखणे पाण्याचे होते. मुलगी घरच्या माठातील पाणी पीत नसे. तिने वीस लिटरचा विकतचा जार आणवून आपल्या खोलीत ठेवला होता. "ज्या हिरीचं पाणी पिऊन ती वाढली, ते आता तिला इख झालं," असे म्हणून आईने डोळे पुसले.

वाचकहो, ह्या भांडणात कोणाची बाजू खरी, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. आमच्या मंडळ्यांतून आता पुष्कळ मुलेमुली पुण्यामुंबईस व थोडी परदेशीही जाऊ लागली आहेत, म्हणून त्याचा नीट विचार करणे अगत्याचे आहे. परत आलेल्या मनुष्याने गेला होता तसाच परत यावे, असे म्हणण्याचा घरास अधिकार आहे काय? आणि जे नवे तो शिकून आला त्या मापाने घर मोजण्याचा त्यास अधिकार आहे काय?

आपल्याकडे कोणी परत आला की उपदेशक लागलीच उधळ्या पुत्राचा दाखला काढतात. तो येथे लावणे अन्यायाचे आहे. शिकावयास गेलेले लेकरू बापाचे धन उधळून आलेले नसते. बहुधा त्याने तेथे दुसऱ्याची भांडी घासून आपली पोटगी मिळवलेली असते. आम्हास अशा वेळी नामीची गोष्ट अधिक जवळची वाटते. ती मवाब देशातून बेथलेहेमास परत आली, तेव्हा गावच्या बायका हीच ती नामी काय असे विचारू लागल्या, आणि तिने त्यांस सांगितले की, मला जुन्या नावाने हाक मारू नका. ती आपल्याच गावात, आपल्याच माणसांत उभी राहून आपण बदललो आहो हे उघड सांगते. त्याबद्दल शास्त्रात कोठे तिला दोष दिलेला आम्हास आढळला नाही.

सवयींविषयी तर फार बोलावयास नको. परदेशातून परतलेल्यास स्वतःच्याच देशात काही काळ परके वाटते, ही गोष्ट पंडितांनीही नमूद करून ठेवली आहे. १९६३ साली गलहॉर्न नामक अमेरिकन पतिपत्नींनी ह्या विषयावर निबंध लिहिला, आणि मनुष्याचे मन परदेशी गेल्यावर जसे एकदा खाली जाऊन वर येते तसेच घरी परतल्यावर पुन्हा एकदा खाली जाऊन वर येते, असे दाखविले. म्हणजे 'थँक्यू' झिजेल, दारही उघडे राहू लागेल. आईने थोडे दिवस कळ काढावी, एवढेच तीस सांगितले म्हणजे पुरे.

पाण्याचे तसे नाही. पाणी ही सवय नव्हे, ते ज्ञान आहे. १८५४ साली लंडनात पटकीची साथ आली असता जॉन स्नो नावाच्या डॉक्टराने मेलेल्यांची घरे कोठे आहेत ह्याचा शोध घेतला, आणि ब्रॉड स्ट्रीटवरील एका पंपाच्या पाण्यातून रोग पसरतो हे ओळखून त्या पंपाचा दांडा काढावयास लावला. जी मुलगी असे शास्त्र शिकून आली, तीस विहिरीच्या पाण्यात काय असू शकते हे ठाऊक आहे. ते तिने विसरून जावे काय? आईस बरे वाटावे म्हणून तिने तो तांब्या घटाघटा पिऊन टाकावा, असे पुष्कळ जण म्हणतील. आमच्या मुक्कामी तसे म्हणालेही. परंतु ते म्हणजे लेकराकडून खोट्याची मागणी करणे होय. शिकावयास पाठवावयाचे आणि शिकून येऊ नकोस म्हणावयाचे, हे दोन्ही एका तोंडाने म्हणता येत नाही.

मग मुलीचा काहीच दोष नव्हता काय? आमच्या मते होता, आणि तो जार आणण्यात नसून तो कोठे ठेवला ह्यात होता. तो तिच्या खोलीत होता. पाणी वाईट असेल तर ते बापासही वाईट आणि धाकट्या भावासही वाईट. तिने आपल्यापुरते चांगले पाणी विकत घेतले आणि घरास त्याच माठावर ठेवले. आम्ही तीस हे बोलून दाखविले तेव्हा ती रागावली नाही, थोडा वेळ गप्प राहून म्हणाली, "मास्तर, सगळ्यांसाठी आणायला माझ्याजवळ पैसे नाहीत. हाही बाबांच्याच पैशाचा आहे." हे उत्तर खरे होते, पण ह्या खरेपणातूनच पुढचा प्रश्न उभा राहिला.

परत आलेल्याचे नवे राहणे कोणाच्या पैशावर चालते, हा प्रश्न जुना आहे. मोहनदास गांधी १८९१ साली बॅरिस्टर होऊन इंग्लंडाहून परतले, त्या वेळची हकीकत त्यांनी आपल्या आत्मचरित्रात मोठ्या प्रांजळपणे लिहिली आहे. वडील बंधूंनी कर्ज काढून त्यांस शिकविले होते, आणि भाऊ आता पुष्कळ मिळवील ह्या आशेवर घराचा खर्चही वाढविला होता. चहा, कॉफी, चिनी मातीची भांडी ही घरात आधीच आली होती. बॅरिस्टरसाहेबांनी त्यात ओटची पेज आणि कोको ह्यांची भर घातली. कोको चहाच्या जागी यावयाचा होता, तो चहाच्या जोडीस येऊन बसला. बूट होतेच, आता विलायती पोशाख आला. आणि वकिली तर चालेना! दारात पांढरा हत्ती बांधला गेला, असे ते स्वतःच म्हणतात. ज्या मनुष्याने पुढे पंचा नेसून आयुष्य काढले त्याच्याही हातून परत आल्यावर पहिली गोष्ट ही घडली. तेव्हा आमच्या नेवाशाच्या मुलीस आम्ही फार बोल लावू इच्छीत नाही.

त्याच हकीकतीत दुसरी एक गोष्ट आहे, ती मात्र आम्हास अनुकरणीय वाटते. समुद्र ओलांडल्याबद्दल गांधींस जातीने वाळीत टाकले होते. परत आल्यावर बंधूंनी त्यांस नाशिकास नेऊन गोदावरीत स्नान घालविले व राजकोटास जातभोजन दिले. तेव्हा जातीच्या एका तडाने त्यांस घेतले, दुसऱ्याने घेतले नाही. सख्खी बहीण व सासुरवाड ह्या दुसऱ्या तडात होती. ती माणसे चोरून खाऊपिऊ घालावयास तयार होती. परंतु जे चारचौघांत करता येत नाही ते आडून करावयाचे नाही, म्हणून गांधी त्यांच्या घरी पाणीदेखील पीत नसत. बहिणीच्या घरी तहान लागली तरी पाणी नाही! त्यांनी भांडण केले नाही आणि खोटेही केले नाही. त्या स्नानाविषयी आणि जातीविषयी आमचे मत काय आहे हे वाचकांस ठाऊक आहे, परंतु मनुष्याच्या सचोटीस मान दिलाच पाहिजे.

आता त्या मुलीच्या पैशाविषयी. तिच्या शिक्षणासाठी बँकेचे कर्ज काढले होते. साडेसात लाखांच्या वरील शिक्षणकर्जास बँका सहसा तारण मागतात. म्हणून बापाने दोन एकर जमीन लिहून दिली होती. हे मुलीस ठाऊक होते. तीस ठाऊक नव्हते ते असे की, दुसऱ्या वर्षी कांद्यास भाव आला नाही तेव्हा बापाने बैलजोडी विकली, आणि त्याच पावसाळ्यात आई पंधरा दिवस दवाखान्यात होती. दर रविवारी फोनवर तिचा चेहरा पाहून दोघेही "सगळं बरं हाय" म्हणत. ती आली त्या दिवशी गोठ्याकडे गेली आणि तिला रिकामी दावण दिसली.

घरची माणसे दूर गेलेल्यापासून दुःख लपवितात, ही आपली जुनीच रीत आहे. गांधी विलायतेत असताना त्यांची आई वारली. ते त्यांस तेथे कळविलेच नाही, मुंबईस उतरल्यावर सांगितले. हेतू चांगलाच असतो. शिकणाऱ्याचे चित्त विचलित होऊ नये, एवढीच घरच्यांची इच्छा. पण ह्या लपविण्याने परत येणाऱ्याची एक मोठी समजूत बिघडते. त्यास वाटते, मी गेलो, मी पाहिले, मी बदललो. घर जेथे होते तेथेच आहे. वस्तुतः घरही तितकीच वर्षे चालत आलेले असते. लीड्सच्या थंडीत मुलीने जे काढले ते सांगावयास तीस तोंड होते, ऐकावयास फाट्यावर गाव जमा झाले होते. दवाखान्यातील पंधरा दिवसांस हार कोण घालणार? आमच्या मते परत आलेल्याचे पहिले कर्तव्य सांगणे हे नसून विचारणे हे आहे. घराने त्याच्यावाचून कसे दिवस काढले, काय विकले, काय सोसले, ह्याचा हिशेब त्याने आपण होऊन मागावा. तो हिशेब ऐकल्यावर मग पाण्याविषयी बोलण्यास त्यास कोण अडवील?

तथापि कर्तव्य एकट्या परत आलेल्याचेच आहे, असे म्हणून आम्ही थांबलो तर ते अप्रामाणिकपणाचे होईल. घराचे आणि मंडळीचेही त्याच्याकडे देणे आहे. हे सांगताना आम्हास एक हकीकत आठवते, आणि ती आम्हा ख्रिस्ती लोकांस खाली मान घालावयास लावणारी आहे.

भीमराव आंबेडकर १९१३ साली बडोद्याच्या महाराजांची शिष्यवृत्ती घेऊन अमेरिकेस गेले. कोलंबिया विद्यापीठात शिकून, तेथून लंडनास जाऊन १९१७ साली परत आले, आणि करारान्वये बडोद्यास नोकरीवर रुजू झाले. परदेशातील वास्तव्यात आपण अस्पृश्य आहो ही जाणीवच त्यांच्या मनातून पुसली गेली होती; बडोद्याच्या स्टेशनावर उतरल्यावर, आता राहावयाचे कोठे, ह्या प्रश्नाने ती जागी केली. कोणी जागा देईल असे वाटेना, म्हणून एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव सांगून ते राहिले. रोज कचेरीतून येऊन त्या अंधाऱ्या, ओसाड जागेत कंदिलाच्या उजेडात वाचीत बसावे, हा त्यांचा दिनक्रम झाला. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले डझनभर पारशी दारात आले आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडावयास त्यांनी बजाविले. तेव्हा ते ओळखीच्या दोघांकडे आसरा मागावयास गेले. एक हिंदू होता. तो म्हणाला, तुम्ही माझ्या घरी आलात तर माझे गडी निघून जातील. दुसरा हिंदी ख्रिस्ती होता. तो म्हणाला, उद्या माझी पत्नी येणार आहे, तिला विचारले पाहिजे. नवराबायको मूळची ब्राह्मण कुळातील होती, आणि पत्नीचे मन अद्याप जुन्या वळणाचे होते, हे आंबेडकरांस मागाहून कळले. हा आडवळणाचा नकार होता हे त्यांस तेव्हा उमगले. उरलेला वेळ त्यांनी कामाठी बागेत काढला आणि रात्री नवाच्या गाडीने ते मुंबईस निघाले. ही हकीकत त्यांनी स्वतः लिहून ठेविली आहे.

त्या ख्रिस्ती मनुष्याचे नाव आम्हास माहीत नाही, आणि ते माहीत असण्याचे कारणही नाही. त्याने कठोर शब्द बोलला नाही, दार लोटले नाही, केवळ पत्नीस विचारतो म्हणाला. अशा सौम्य रीतीने आपण किती जणांस बाहेर ठेवितो! जो मनुष्य पुढे देशाच्या राज्यघटनेचा मसुदा करणाऱ्या समितीचा अध्यक्ष झाला, त्यास त्या सायंकाळी बागेत बसावे लागले. आणि तो पुढे कोणी मोठा झाला नसता, तरी त्या नकाराचे पाप तिळमात्र कमी झाले नसते.

आम्ही नेवाशाकडे हे उगाच आणीत नाही. आमच्या मुक्कामाच्या तिसऱ्या दिवशी मंडळीची सभा होती. पाळकसाहेबांनी त्या मुलीस पाच मिनिटे बोलावयास दिली. तिने परदेशाचे वर्णन करण्याऐवजी गावच्या पाण्याचे सांगितले. हजार लिटर पाण्यास सुमारे पाच ग्रॅम टी. सी. एल. पावडर लागते, ती विहिरीत वेळेवर पडते की नाही हे कोणी पाहत नाही, औषधाचे थेंब टाकून पाण्यास पिवळा रंग येतो का, ही परीक्षा शाळेची मुलेही करू शकतात, असे ती म्हणाली. ती खाली बसल्यावर प्रश्न विचारावयास सांगितले, तेव्हा एका भावाने तेथे पगार किती मिळतो असे विचारले. दुसऱ्याने आता लग्नाचे काय, असे विचारले. मागून कोणी तरी हलकेच म्हणाले, "दोन वरसं भाईर राहिली, लगेच आमचं पाणी घाण झालं." हंशा पिकला. मुलीने मान खाली घातली. फाट्यावर हार घेऊन उभी राहिलेली माणसे तीच होती.

परत आलेल्यास हार घालणे स्वस्त आहे. तो जे घेऊन आला त्यास जागा करून देणे महाग पडते, कारण मग आपल्यास काही तरी करावे लागते. मुलगा असता तर निदान पगाराचा प्रश्न विचारून झाल्यावर त्याचे ऐकले असते, असा संशय आमच्या मनात आला. तो खोटा ठरो. आम्ही उठून त्या भावास विचारले की, मागल्या पावसाळ्यात आपल्या घरी जुलाबाने कोणी आजारी होते काय? तो म्हणाला, दोघे जण होते. त्यावर सभा गप्प झाली, आणि पाळकसाहेबांनी शेवटचे गीत सांगितले. ह्याहून अधिक काही आम्ही केले असे नाही.

फेब्रुवारीत पुन्हा त्या गावी जाणे झाले. जार आता ओसरीवर माठाशेजारी ठेवलेला दिसला. धाकटा भाऊ त्यातले पितो, आई उकळलेले पिते, आणि बाप अजून विहिरीचेच पितो, कारण जारच्या पाण्यास चव नाही असे त्याचे ठाम मत आहे. गावच्या जलसुरक्षकाबरोबर मुलगी दोनदा विहिरीवर जाऊन आली होती. पावडरीचे पोते कोणाच्या ताब्यात असावे ह्यावर वाद चालू होता. नोकरीसाठी तिने पुण्यास तीन ठिकाणी अर्ज केले होते, उत्तर कोठूनच नव्हते, आणि कर्जाचा पहिला हप्ता जूनमध्ये द्यावयाचा होता. 'थँक्यू' मात्र अद्याप झिजले नव्हते; आम्हास चहा देताना आईनेच ते थट्टेने म्हटले.

रात्री जेवण झाल्यावर आम्ही अंगणात बाजेवर बसलो होतो. मुलीने चुलीजवळचा पाट ओढला आणि ती आईस म्हणाली, "आई, मी फाट्यावरून एस. टी.त बसले, तिथपासून सांग. काही गाळू नको." आई प्रथम लाजली. मग म्हणाली, "तू गेलीस त्या दिवशी गाय व्याली," आणि सांगू लागली. आम्ही निजावयास उठलो तेव्हा ती दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत आली होती, आणि बैलांचा बाजार अजून व्हावयाचा होता.